लाभाचा पोर्ट

अमरेशनं एकदा ठरवलं की ठरवलं. मग समोर भिंत आली तरी तो वळत नाही, भिंतीलाच सरकायला सांगतो. त्यामुळं शनिवारी संध्याकाळी माणिकप्पांनी "पुण्याच्या इंजिनीअरला बोलावू का?" असं विचारलं, तेव्हा ते त्याच्या फारच जिव्हारी लागलं.

"अप्पा, मी असताना पुण्याचा माणूस कशाला? उद्या नांदेडला भाचीचं बारसं हाय. तिथं बसून, चहा पिता पिता करून देतो."

माणिकप्पांची लातूरला डाळ मिल. तिच्याच आवारात एक थंडगार खोली बांधून त्यांनी डेटा सेंटर उघडलं होतं, आणि क्लासवाल्यांच्या ऑनलाइन सराव परीक्षा तिथल्या सर्व्हरवर चालायच्या. रविवारी अकरा वाजता एकोणीस हजार पोरं परीक्षेला बसणार होती. जुन्या सर्व्हरना एवढा भार झेपणार नव्हता, म्हणून चार नवे आले होते. सगळे सर्व्हर ज्या स्विचला जोडायचे, त्याचे पोर्ट, म्हणजे वायर खुपसायच्या खाचा, होते मोठे, शंभर गिग वेगाचे. त्यातला एक लॅपटॉपवरून हुकूम देऊन फोडायचा, म्हणजे पंचवीस-पंचवीसचे चार करायचे आणि एका तोंडाच्या, चार शेपट्यांच्या वायरीनं चारही सर्व्हर जोडायचे, एवढंच काम. ते जमलं तर अप्पा त्याला डेटा सेंटरचा प्रमुख करणार होते. नाही जमलं तर पुण्याच्या इंजिनीअरला वर्षाचं कंत्राट, आणि अमरेश पुन्हा मिलचे कॅमेरे दुरुस्त करत शिडीवर.

अडचण एकच होती. वायर आखूड निघाली. एक नंबरच्या पोर्टापर्यंतच पोचत होती. आणि एक नंबर होता देवाचा. धान्य मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. अप्पांच्या मिलमध्ये ते माप महादेवाच्या नावानं बाजूला काढायची रीत होती, आणि तीच रीत त्यांनी स्विचलाही लावली. पहिला पोर्ट कायम रिकामा. त्याच्यावर अप्पांच्या बायकोनं, नीलम्मांनी, ओढलेले भस्माचे तीन पट्टे आणि बाजूला खडूनं लिहिलेलं 'लाभ'. अमरेशनं दाराकडं एकदा पाहिलं आणि वायरीचं तोंड गुपचूप लाभात खुपसलं. रात्री वस्तीला तो गेला देवाच्या डोळ्यांपासून लांब, नांदेडात.

एक पोर्ट फोडला की त्याचा शेजारी बंद पडतो, हे त्याला माहीत होतं. माहीत नसायला तो काय अडाणी होता? त्यानं आधीच उजवीकडं पाहून ठेवलं होतं. तीन नंबर, तोही रिकामा. पण स्विचवर पोर्ट एकाखाली एक असतात. एकच्या खाली दोन, तीनच्या खाली चार. म्हणजे एकचा खरा शेजारी खालच्या मजल्यावर राहत होता, आणि त्या दोन नंबरात होती बाहेरच्या जगाकडं जाणारी एकुलती एक वायर.

रविवारी सकाळी सव्वासातला त्यानं मांडीवर लॅपटॉप घेतला, चहाचा घोट घेतला आणि पोर्ट फोडायचा हुकूम सोडला. पडदा जागच्या जागी थिजला. ज्या वायरीतून तो नांदेडहून लातुरात शिरला होता, तीच त्यानं बंद केली होती. माडीवर चढून शिडीला लाथ मारावी, तशातली गत.

तरी एक आशा होती. हुकूम अजून सेव्ह केलेला नव्हता, म्हणजे स्विच बंद करून चालू केला की तो सगळं विसरणार. रविवारी सकाळी नीलम्मा तिथं पूजेला जात. त्यानं त्यांना फोन लावला आणि स्विचच्या मागची विजेची वायर काढून परत लावायला सांगितलं.

"काढली बघ," नीलम्मा म्हणाल्या. "पण हे चालूच हाय की रे."

असणारच. त्या स्विचला दोन वायरींनी वीज होती, एक गेली तर दुसरी सांभाळते. ती दुसरी घ्यायचा हट्टही अमरेशचाच होता.

"अव्वा, दोन्ही एकदम काढा."

"दोन्ही? न्हाई बाबा. एकोणीस हजार लेकरांची परीक्षा हाय. यांना विचारते."

'अप्पांना नको' हे शब्द त्याच्या तोंडातून निघेपर्यंत फोन बंद झाला होता. भाचीचं नाव पाळण्यात पडायच्या आत मामाची मोटारसायकल लातूरच्या रस्त्याला लागली.

लोह्याला थांबून त्यानं नीलम्मांना फोन केला. अप्पा आले होते, लाभात घुसलेली वायर त्यांनी पाहिली होती आणि खोलीला कुलूप घालून किल्ली कमरेला लावली होती. देवाच्या पोर्टात हात घातला म्हणून सगळं बंद पडलं, असं त्यांचं म्हणणं. खरं सांगायचं तर त्यांचं अगदी बरोबर होतं, फक्त कारण जरा वेगळं होतं.

अहमदपूरला कळलं की अप्पांनी पुण्याला फोन लावला. पुण्याच्या इंजिनीअरनं सांगितलं, दोन्ही वायरी एकदम काढा. अप्पांनी लगेच काढल्या आणि आठ मिनिटांत सगळं पूर्ववत झालं. अमरेश सकाळपासून हेच सांगत होता, असं नीलम्मांनी त्यांना ऐकवलंही. पण नांदेडचा सल्ला पुण्याहून आला की त्याचं वजन वाढतं.

मात्र चार नवे सर्व्हर अजून तसेच पडून होते, आणि पुण्याचा माणूस म्हणाला होता की ते काम मंगळवारी येऊन करीन. परीक्षा काही मंगळवारपर्यंत थांबणार नव्हती. अमरेशनं गाडीला किक मारली.

दहा पस्तीसला तो मिलमध्ये पोचला, तेव्हा धुळीनं त्याच्या भुवयाही पांढऱ्या झाल्या होत्या. अप्पा दारातच उभे होते.

"लाभात हात घातलास."

"घातला, अप्पा. न विचारता घातला, चूक माझीच हाय. पण आता पंचवीस मिनिटं राहिली. आत सोडा, मग काय बोलायचं ते बोला."

अप्पा हलले नाहीत. मग नीलम्माच पुढं झाल्या. "लेकरांच्या कामाला आला तर देवाचा पोर्ट बाटतो का? उघडा कुलूप."

अमरेश या वेळी स्विचच्या पुढ्यात मांडी घालून बसला. दोन नंबरची वायर सहा नंबरात नेली, स्विचला तसं सांगितलं, आणि मगच एक नंबर फोडला. एक दिवा हिरवा झाला. दुसरा. तिसरा. चौथ्यानं एवढा वेळ खाल्ला की अमरेशनं मनातल्या मनात महादेवाची माफी मागून घेतली. दहा त्रेपन्नला तोही लागला. मग त्यानं सगळं सेव्ह केलं, तीनदा.

दोन वाजता परीक्षा संपली. एकोणीस हजारातलं एकही पोरगं मध्येच अडकलं नव्हतं. अप्पांनी त्याला गादीवर शेजारी बसवून घेतलं. "नांदेडहून धूळ खात आलास. आजपासून तू प्रमुख."

अमरेशला इतका आनंद झाला की डोळे भरून आले. पुढच्या महिन्यात दुसरा स्विचही आपणच फोडू, असं तो सांगू लागला.

"थांब," अप्पा म्हणाले. "मालक असून मी कधी मिलच्या पट्ट्याला हात लावतो का? प्रमुखानं मशीनला हात लावायचा नसतो, कामं करून घ्यायची असतात. पुण्याच्या माणसाला फोन लाव अन् वर्षाचं कंत्राट ठरवून टाक."

अमरेशनं फोन लावला. कोण बोलतंय, असं पलीकडून विचारलं. त्यानं घसा साफ करून सांगितलं, "डेटा सेंटरचा प्रमुख."

"बरं झालं तुम्हीच भेटलात," पुण्याचा इंजिनीअर म्हणाला. "तुमच्याकडं कुणीतरी नांदेडात बसून स्विचला हात लावतो म्हणे. आधी त्याला आवरा."

"आवरलं हाय," अमरेश ठामपणे म्हणाला.