शिडीची नोटीस

सोमवारी सकाळी इल्दिको वृद्धाश्रमाच्या तळघरातल्या शिडीवर चढली आणि तिसऱ्याच पायरीवर शिडी करकरली. पायरीला उभी चीर गेली होती. देखभालीच्या कामावर लागून इल्दिकोला अडीच महिने झाले होते, कायम करायचं की नाही ते पंधरा दिवसांनी ठरणार होतं. अशात एखादं म्हातारं माणूस त्या शिडीवरून पडलं असतं तर तिचा कारभारच आटोपला असता. तिने लगेच नोटीस लिहायला घेतली.

अडलं पहिल्याच शब्दावर. शिडीला जर्मनमध्ये लायटर म्हणतात एवढं तिला ठाऊक होतं. पण तो लायटर, ती लायटर की ते लायटर? पुढे ‘डेअर’ लावायचं, ‘डी’ लावायचं की ‘दास’? तिच्या हंगेरियन भाषेत ही भानगडच नाही. तिथे नवऱ्याला आणि बायकोला मिळून एकच सर्वनाम पुरतं. संध्याकाळच्या वर्गातल्या बाईंनी मात्र सांगितलं होतं, शेवटी ‘एर’ आला की शब्द बहुतेक वेळा पुल्लिंगी. लायटरच्या शेवटी ‘एर’ होता. इल्दिकोने ‘डेअर’ लिहिलं, कागद जेवणघरातल्या फळ्यावर लावला आणि निर्धास्तपणे गवत कापायला गेली.

ती लायटर म्हणजे शिडी आणि तो लायटर म्हणजे संस्थेचा प्रमुख, हे तिच्या वर्गात अजून यायचं होतं.

न्याहारीला आलेल्या मंडळींनी फळ्यावर वाचलं ते असं: ‘प्रमुख जुने झाले आहेत. डुगडुगतात. त्यांच्यावर कोणीही चढू नये. गुरुवारी सकाळी भंगाराची गाडी घेऊन जाईल.’

“वेस्टरहोफला काढतायत,” पावाला लोणी लावता लावता गोल्डाकरबाई म्हणाल्या. चष्म्याशिवाय वाचू शकणाऱ्या आश्रमात त्या एकट्याच, त्यामुळे त्यांचा शब्द शेवटचा असे.

“कुठे?” प्रुसआजोबांनी कानामागे हात धरला.

“भंगारात.”

“वय काय त्याचं?”

“एकसष्ट.”

प्रुसआजोबांनी हातातलं अंडं खाली ठेवलं. ते स्वतः एक्क्याण्णवचे. “मग आपली गाडी कधी येणार म्हणायची?”

“आणि चढू नये म्हणजे काय हो?” पलीकडून कुणीतरी विचारलं.

“म्हणजे उगाच ओरडू नये त्याच्यावर,” गोल्डाकरबाईंनी खुलासा केला. “आधीच खचलाय बिचारा.”

दुपारपासून वेस्टरहोफसाहेबांना काही कळेनासं झालं. सूप पांचट असल्याची रोजची तक्रार आली नाही. जिन्यात दोन आज्यांनी त्यांना दोन्ही बाजूंनी दंडाला धरलं. मंगळवारी त्यांच्या दाराशी कुणीतरी काठी ठेवून गेलं. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतं, ‘माझ्या ह्यांची आहे. रबर नवीन बसवलंय.’ बुधवारी कॉफीच्या वेळी त्यांच्यापुढे आलुबुखाऱ्याचा केक आला आणि सगळे उभे राहून गायले. गाणं निरोपाचं होतं. गाणं संपल्यावर कुणीतरी त्यांना फळ्याकडे नेलं.

पाच मिनिटांत इल्दिको त्यांच्या खोलीत उभी होती.

“हे तुम्हाला कुणी सांगितलं?” त्यांनी कागद पुढे केला.

“संध्याकाळच्या वर्गातल्या बाईंनी.”

“त्यांना कसं कळलं?”

“त्यांना सगळंच कळतं, साहेब. वीस वर्षं शिकवतायत.”

साहेब हळूच खुर्चीत बसले. “राजीनामा मी ईस्टरपासून खणात ठेवलाय. बायकोलासुद्धा बोललो नाही. आणि तुमच्या वर्गात तो शिकवतायत?”

“शिडीचा राजीनामा?” इल्दिकोने विचारलं.

मग बराच वेळ दोघं एकमेकांना समजावत होते. शेवटी उलगडा झाला तेव्हा इल्दिको रडवेली झाली आणि साहेब इतके हसले, की त्यांना डोळे पुसावे लागले. “सहा महिने मला हे सांगायचं धाडस होत नव्हतं,” ते म्हणाले. “वाटायचं, या लोकांना काय फरक पडतो? पण केक केला हो त्यांनी.” त्यांनी तिच्या कायम नेमणुकीच्या कागदावर तिथल्या तिथे सही केली. “आता जाऊन शिडीचं सांगून या.”

इल्दिकोने जेवणघरात उभं राहून चूक कबूल केली. मंडळींचा जीव भांड्यात पडला. प्रुसआजोबांनी तिला समोर बसवून ‘डी लायटर’ वीस वेळा म्हणायला लावलं. काठी मालकिणीकडे परत गेली.

दुसऱ्या दिवशी वेस्टरहोफसाहेबांनी स्वतः मजकूर सांगितला आणि इल्दिकोने नवी नोटीस लावली: ‘प्रमुख महिनाअखेर निवृत्त होत आहेत.’ ‘डेअर’ त्यांनी स्वतः दोनदा तपासलं होतं.

“परत चुकली गं पोर,” गोल्डाकरबाई म्हणाल्या आणि पेन्सिलीने ‘डेअर’ खोडून वर सुबक अक्षरात ‘डी’ लिहिलं.

तेव्हा साहेब जेवणाच्या वेळी स्वतः उभे राहिले. “मंडळी, नोटीस बरोबर होती. शिडी नाही, मी जातोय.”

प्रुसआजोबांनी टाळी वाजवली आणि पाठोपाठ सगळ्यांनी.

“बघा,” गोल्डाकरबाई शेजारणीला म्हणाल्या, “पोरीची चूक स्वतःच्या अंगावर घेतोय. मिळेल का असा माणूस दुसरीकडे?”

साहेबांनी आणखी दोनदा सांगून पाहिलं. दर वेळी टाळ्या वाढल्या. मग त्यांनी नाद सोडला.

महिन्याच्या शेवटच्या संध्याकाळी ते खोलीतली कुंडी, छत्री आणि बायकोचा फोटो घेऊन दाराशी आले. इल्दिकोने दार उघडून धरलं. बाहेरच्या बाकावर गोल्डाकरबाई कलतं ऊन खात बसल्या होत्या.

“चाललात?” त्यांनी विचारलं.

“चाललो,” वेस्टरहोफसाहेब म्हणाले.

“या. आणि सोमवारी जरा लवकर या. माझी खिडकी लागत नाहीये.”