वरच्या खोलीतली भाडेकरू

आमचे शेजारी भूपालआण्णा यांनी पोटच्या पोरीला महिनाभर वरच्या खोलीत भाडेकरू म्हणून ठेवलं होतं, आणि स्वतः घरमालक झाले होते. घरमालक ते आधीपासून होतेच. आता फक्त तसे वागायला लागले.

स्नेहलला पुण्यात नोकरी लागली होती. पोरगी हुशार, पण फार गरीब स्वभावाची. रिक्षावाल्यानं भलत्याच चौकात उतरवलं तरी "थँक्यू काका" म्हणून उरलेलं अंतर चालत येणारी. आण्णांना तोच घोर. "सैपाक शिकंल, गॅस लावाय शिकंल. भांडाय कवा शिकणार? पुण्याचा घरमालक खाऊन टाकंल हिला!" पुण्याचा घरमालक आण्णांनी कधी पाहिलेला नव्हता. पण कुपवाडला त्यांचं लेथचं वर्कशॉप आहे, आणि चालवून बघितल्याशिवाय ते कुठलाच माल बाहेर सोडत नाहीत.

तर सुरू झालं. फाटक दहाला बंद. मैत्रीण आली की जिन्यातच उलटतपासणी. खोलीतला बल्ब गेला तर, "बल्ब भाडेकरूचा." दिवस मावळायच्या आत जेवायची त्यांच्या घरची रीत. काकूंनी सवयीनं "स्नेहल, जेवाय ये गं" अशी हाक मारली की आण्णा गरजायचे, "भाडेकरूला कोण जेवाय बोलावतं? खोली हाय ही, खानावळ न्हाई!" काकू कपाळाला हात लावायच्या. वर पिठलं करपायचं, त्याचा वास आमच्या घरभर.

"सॉरी आण्णा."

"आण्णा कोण? मालक म्हणायचं."

"बरं मालक." भांडण काही होईना.

शेवटी आण्णा पाण्यावर आले. रोज सकाळी ऐन अंघोळीच्या वेळेला ते वरच्या नळाचा कॉक बंद करायचे आणि जिन्याखाली वाट बघत उभे राहायचे. पोरगी मुकाट्यानं बादली घेऊन खाली यायची. आण्णांचा चेहरा पार उतरायचा.

जायच्या दोन दिवस आधी, डोक्याला शाम्पूचा फेस तसाच ठेवून स्नेहल जिन्यात आली. "आवं मालक! पाणी सोडा. आत्ताच्या आत्ता! न्हाईतर सगळी गल्ली गोळा करते!"

गल्ली गोळा झालीच होती. मी तर गॅलरीत आधीपासूनच होतो. आण्णांनी निर्विकार चेहऱ्यानं कॉक उघडला, आणि मागच्या दारानं थेट आमच्या स्वयंपाकघरात आले. "ऐकलंसा न्हवं? लय भांडली ओ! आवाज चढवून भांडली!" डोळ्यांत पाणी होतं. "आता जाऊ दे तिला."

स्नेहल गेली. मध्यंतरी एक नर्सबाई खोली विचारायला आल्या. आण्णा म्हणाले, "रिकामी न्हाई. भाडेकरू हाय. पुण्याला गेलीया."

अजूनही रोज सकाळी ते वरचा कॉक बंद करतात. जिन्याखाली जरा वेळ उभे राहतात. वरून कोणी येत नाही. मग स्वतःच उघडतात. मला ते बघवेना. काल न राहवून मीच गॅलरीतून ओरडलो, "आवं मालक! पाणी सोडा!"

आण्णांनी मान वर केली. हसले नाहीत.

"तिच्यावानी न्हाई चढत तुमचा आवाज," म्हणाले, आणि कॉक उघडला.