आठ खुर्च्यांचा आवाज

ऑडिओ रिसीव्हर या विषयावर माझ्याएवढं वाचलेला दुसरा माणूस नागपूरच्या अख्ख्या नंदनवन वस्तीत नाही. हे विधान मी ठामपणे करतो. एरवी मी कुठलंच विधान ठामपणे करत नाही. चहात साखर हवी का, या प्रश्नालाही चाळीस वर्षं "असेल तर चालेल" असंच उत्तर देत आलो. पण रिसीव्हरची गोष्ट वेगळी. मी सात मॅन्युअलं वाचली आहेत, त्यातली तीन तळटीपांसकट!

मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात चौतीस वर्षं ग्रंथपाल होतो. सिनेमा मी फारसा पाहत नाही, गाणी ऐकत नाही, आणि दोन स्पीकरांतला फरक मला कळतो की नाही याबद्दल मला दाट शंका आहे. तरीही हे काम माझ्याकडे आलं, याला कारण आमचे शेजारी देवराव गजभिये.

देवराव कन्हानकडच्या कोळसा खाणीत सुरुंग लावायच्या कामावर होते. तीस वर्षं स्फोटांच्या शेजारी काढल्यामुळे त्यांचा आवाज असा झाला आहे, की ते फोनवर बोलू लागले की मध्ये फोन कशाला, असा प्रश्न पडतो. त्यांनी यंदा घरावर मजला चढवला. त्यात एकच खोली, बत्तीस फूट लांब आणि अठरा फूट रुंद, फक्त सिनेमा बघायला. आणि ती बांधली कौसल्याबाईंसाठी.

त्याचं असं झालं. लग्नाच्या वर्षी कन्हानला तंबूतल्या टॉकीजमध्ये दोघांनी एक सिनेमा पाहिला होता. त्यात शेवटी नायिका घर सोडून निघते आणि दारात उभी राहून नवऱ्याशी चांगली पाच मिनिटं बोलते. नेमकं त्या वेळी तंबूमागचं जनरेटर असं धडधडू लागलं, की एक शब्द ऐकू आला नाही. पुढे तो सिनेमा टीव्हीवर दोनदा लागला, दोन्ही वेळा मे महिन्यात. घरात कूलर चालू. आणि आमच्याकडचा कूलर म्हणजे भिंतीत बसवलेलं विमानच. आता तर कौसल्याबाईंचे कानही जरा मंद झाले आहेत. एक दिवस जेवताना त्या सहज म्हणाल्या, "ती बाई काय बोलली, ते काही या जन्मात मले समजत नाही." देवरावांनी तिथेच ताट बाजूला सारलं आणि गवंड्याला फोन लावला.

पडदा आणि प्रोजेक्टर त्यांच्या मुलानं, धम्मदीपनं पुण्याहून पाठवला. अकरा स्पीकर आले. राहिला रिसीव्हर. तो निवडायला देवराव माझ्याकडे आले.

"सर, हे मधलं खोकं तुम्हीच पाहा जी. तुम्ही वाचून राहता. आम्हाले काय समजते?"

रिसीव्हर म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. सिनेमातला सगळा आवाज आधी त्याच्याकडे येतो, आणि कुठला आवाज कुठल्या स्पीकरनं कधी आणि किती जोरात काढायचा, ते तो ठरवतो. स्वतः तो काहीच बोलत नाही, पण तो नसला तर कुणाला काही मिळत नाही. हे वाचल्यावर मला त्याच्याबद्दल आपुलकी वाटू लागली. मीही चौतीस वर्षं हेच केलं होतं.

तीन आठवडे मी वाचत होतो. प्रत्येक रिसीव्हरचं एक कार्ड केलं. खोली मोठी असली की ताकद किती लागते, ताकद दुप्पट केली तरी आवाज जेमतेम थोडासाच कसा वाढतो, हे सगळं मी रोज जेवताना तारेला, म्हणजे माझ्या पत्नीला, समजावून सांगत असे. एकदा ती म्हणाली की मला बघायला आलात तेव्हा अर्ध्या तासात होकार दिलात, आणि या खोक्याला तीन आठवडे! मी म्हणालो की तुझ्याबरोबर मॅन्युअल नव्हतं. त्या दिवशी भाजी माझी मीच वाढून घेतली.

सीताबर्डीच्या दुकानात गौरांग नावाचे एक चाळिशीचे गृहस्थ होते. त्यांनी मला मऊ कोचावर बसवलं आणि एकच गाणं तीन रिसीव्हरांवर वाजवलं. दर वेळी ते भुवया उंचावून माझ्याकडे बघत. मला तिन्ही वेळा गाणं ऐकू आलं, एवढंच. पण माणूस इतक्या आशेनं बघत असताना नाही कसं म्हणायचं? मी पहिल्याला मान डोलावली, दुसऱ्याला जरा जास्त, आणि तिसऱ्याला डोळे मिटले. मग हळूच तिन्हींची मॅन्युअलं मागितली. एकात छपाईच्या चुकाच चुका होत्या. दुसऱ्यात सूची नव्हती. तिसऱ्याला तीनशे बारा पानं, शेवटी अकारविल्हे सूची, आणि शोधूनही चूक सापडेना. मी तो रिसीव्हर घेतला.

गौरांग म्हणाले, "काका, वीस वर्षं झाली मी हा धंदा करून राहिलो. सूची पाहून घेणारे तुम्ही पहिलेच."

मी ते कौतुक समजलो.

उद्घाटन मे महिन्यातल्या एका रविवारी संध्याकाळी ठरलं. रामटेकहून कौसल्याबाईंची धाकटी बहीण सुभद्रा आणि तिच्या घरचे सगळे येणार होते. सकाळी अकराला मी रिसीव्हर बसवायला वर गेलो. पान सत्तेचाळीसवर असं होतं, की या रिसीव्हरला आधी खोली मोजून द्यावी लागते. एक छोटा मायक्रोफोन प्रत्येक बसायच्या जागी, कानाच्या उंचीवर ठेवायचा. रिसीव्हर एकेका स्पीकरमधून शीळ घालतो, ती मायक्रोफोनवर ऐकतो आणि ठरवतो, की इथल्या माणसाला आवाज किती द्यायचा. बसायच्या जागा आठ. देवरावांनी आठ मोठ्या गुबगुबीत खुर्च्या आणल्याच होत्या. मात्र मोजमाप चालू असताना पूर्ण शांतता हवी. कूलर बंद. पंखे बंद. बाहेर चव्वेचाळीस अंश.

मी देवरावांना एवढंच म्हणालो, की अर्धा तास खाली जरा आवाज होऊ देऊ नका.

आता मी ते कुणाला सांगत होतो, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. देवरावांनी आयुष्यभर 'आता शांतता' याचा एकच अर्थ ऐकलेला. त्यांनी गल्लीच्या दोन्ही टोकांना लाल फडकी बांधली, तोंडात शिट्टी धरली आणि खाणीतल्यासारखी ललकारी दिली, "बाजू व्हाऽ! हलू नका कोनी!"

समोरच्या शोभाताईंनी गॅस बंद केला, घराला कुलूप लावलं आणि त्या रस्त्यावर आल्या. त्यांनी कारण विचारलं तेव्हा देवरावांनी शिट्टी न काढता नुसतं वर बोट दाखवलं. वरून तेवढ्यात आवाज आला, हुऽऽऊप! मग आणखी एक, जरा चढा. मग आणखी चढा. शोभाताईंनी जावेला फोनवर सांगितलं, की गजभियांच्या नव्या मजल्यात काहीतरी सापडलं आहे. जावेनं पुढे सांगितलं, की ते वाजतं आहे. माझी पाचवी खुर्ची होईपर्यंत गल्लीच्या तोंडाशी साठ माणसं जमली होती, आणि ते फुटलं तर कुठपर्यंत जाईल यावर दोन मतं पडली होती.

मी आत घामानं निथळत, बनियनवर, सातव्या खुर्चीपाशी श्वास रोखून उभा होतो. तेवढ्यात अग्निशमन दलाची गाडी भोंगा वाजवत आली. पडद्यावर अक्षरं उमटली: खोलीत आवाज जास्त आहे, पहिल्यापासून सुरुवात करा.

अधिकारी वर आले. इथे प्रमुख कोण, असं त्यांनी विचारलं. देवरावांनी माझ्याकडे हात केला आणि मोठ्या अभिमानानं सांगितलं, "हे सर हायेत ना. यायनं सारं वाचलं आहे."

मी पान सत्तेचाळीस पुढे केलं. त्या भल्या माणसानं ते उभ्याउभ्या पूर्ण वाचलं, कपाळ पुसलं, खाली जाऊन गाडी बंद करायला लावली आणि लोकांनाही गप्प राहायला सांगितलं. आठही खुर्च्या मी पुन्हा मोजल्या. चौतीस वर्षं मी 'शांतता राखा' अशा पाटीखाली बसलो होतो. इतकी शांतता मला ग्रंथालयात कधी मिळाली नव्हती.

संध्याकाळी पाचला पाहुणे वर आले. कौसल्याबाई नवं पातळ नेसून आल्या, खुर्च्यांकडे कौतुकानं पाहिलं, एकीचा हात दाबून बघितला, आणि सरळ मागे जाऊन भिंतीला टेकून चटईवर बसल्या. गुडघे दुखतात, पाय लांब करावे लागतात. मोठी बहीण खाली बसल्यावर सुभद्रा वर कशी बसणार? ती खाली. सासू खाली म्हटल्यावर सुना खाली. बायका खाली बसल्यावर रामटेकचे जावई संकोचले आणि तेही खाली. पुण्याहून आलेला धम्मदीप बापाला खुर्चीवर बसायचा आग्रह करू लागला. पण देवराव दाराला चिकटून लोखंडी घडीच्या खुर्चीवर बसले. बाहेर पडायची वाट पाठीमागे असेल अशा ठिकाणी खाणीतला माणूस बसत नाही म्हणे. तारा कौसल्याबाईंच्या शेजारी कधीच जाऊन बसली होती.

आठ मोजलेल्या खुर्च्यांवर एकच माणूस बसवला गेला. "सर, तुमचाच मान," असं म्हणत चौघांनी मला चार नंबरवर दाबून बसवलं.

तोच तंबूतला सिनेमा सुरू झाला. आवाज छान होता. म्हणजे, मला तरी ऐकू येत होता. पण नायिकेनं पहिलं वाक्य म्हटलं आणि मागून कौसल्याबाईंचा आवाज आला, "काय म्हणली वं ती?"

थोड्या वेळानं पुन्हा, "काय म्हणली?" सुभद्रा म्हणाली, तिलाही नाही समजलं. मी उठून वाकत वाकत मागे गेलो आणि चटईच्या कडेला बसलो. समोर खुर्च्यांच्या उंच पाठींची भिंत होती. शब्द त्यांच्यावर आपटून तिथेच राहत होते. आमच्यापर्यंत नुसती गुणगुण येत होती. मी आठ रिकाम्या जागा दोनदा मोजल्या होत्या, अग्निशमन दलाच्या साक्षीनं. ज्या बाईसाठी खोली बांधली, ती कुठे बसते हे विचारायचं राहूनच गेलं होतं. मॅन्युअलमध्ये होतं की, जिथे माणसं बसतात तिथे. मी ते वाचलंही होतं.

मी उभा राहिलो आणि बावीस माणसांसमोर बोललो. हे मी याआधी कधी केलेलं नव्हतं. "देवराव, माझं चुकलं," मी म्हणालो. "खुर्च्या मोजल्या. वहिनींना मोजायला हवं होतं."

देवरावांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "तं आता मोजा ना जी. त्यात काय?"

जावयांनी आठही खुर्च्या भिंतीला ढकलल्या. मायक्रोफोनची तिपाई चटईसाठी फार उंच होती, म्हणून मी घरून चार जाडे शब्दकोश आणले आणि कौसल्याबाईंच्या कानाशेजारी रचून वर मायक्रोफोन ठेवला. कूलर बंद झाला. देवरावांनी खिशातून शिट्टी काढली, ती तारेनं त्यांच्या हातातून काढून घेतली. बावीस माणसं घाम गाळत मुकाट बसली. रिसीव्हरनं पुन्हा एकेका स्पीकरमधून शीळ घातली. कौसल्याबाई फोटो काढून घेत असल्यासारख्या ताठ होत्या.

मग कूलर तसाच बंद ठेवून आम्ही सिनेमा पुढे नेला, थेट दारातल्या प्रसंगापर्यंत. नायिका उंबऱ्यावर थांबली. वळली. बोलू लागली. शब्दन् शब्द स्वच्छ! ती नवऱ्याला म्हणत होती, की माझं चुकलं, मला क्षमा करा, वेळेवर जेवत जा, आणि लोकरीचा कोट कपाटात खालच्या खणात आहे.

पाच मिनिटं तेच. कौसल्याबाई कान देऊन ऐकत होत्या.

"इतकंच?" त्या म्हणाल्या.

"चाळीस वर्सं मले वाटे, ते त्याले सुनावून राहिली. अन् हे तं कोट सांगून राहिली!" त्या सरसावून बसल्या. "मी असती ना त्या दारात, तं म्हणली असती, जेवाले बोलावलं तं येत नाही, घरात बोलते तं गल्लीले ऐकू जाते, अन् बायकोले काय पाहिजे, हे बायको सोडून साऱ्यायले इचारते..."

बायका पडद्याकडे पाठ करून वळल्या. सुभद्रा म्हणाली, "मंग, बाई?" यादी बरीच तयार दिसत होती, मधल्या काळात तिच्यावर काम झालं असावं. लोकरीचा कोट घालणाऱ्या नायकाशी तिचा संबंध हळूहळू कमी होत चालला होता.

दाराजवळच्या लोखंडी खुर्चीवरून देवराव माझ्याकडे झुकले. आयुष्यात पहिल्यांदा ते कुजबुजले. "सर, आवाज वाढवा ना जी थोडा."

रिमोट माझ्या हातात होता. मी देवरावांकडे पाहिलं. मग तारेकडे पाहिलं. तीही माझ्याकडेच बघत होती, जरा जास्तच लक्ष देऊन.

मी आवाज बंद केला.

रिसीव्हर उत्तम आहे. बंद आवाजावर ठेवला असता अकरापैकी एकाही स्पीकरमधून किंचितही घरघर येत नाही. कौसल्याबाई पुढची वीस मिनिटं, बत्तीस फुटांच्या खोलीत, शेवटच्या टोकापर्यंत अगदी स्पष्ट ऐकू आल्या.