परशरामअण्णा आणि दुर्बीण

परशरामअण्णा आपल्या शौचाचा नमुना कुंद्याच्या खोक्यातून आणतात. आम्ही दिलेली झाकणबंद बाटली आत असतेच. वर मात्र मिठाईवाल्याचे छापील खोके आणि त्याला जरीच्या धाग्याची घट्ट गाठ. वडगावच्या गल्लीतून स्कूटरवर निघालेल्या विणकराजवळ काय आहे, हे कुणाला कळू नये, एवढाच हेतू. परिणाम उलटा होतो. बेळगावात कुंद्याचे खोके दिसले आणि कुणी निमित्त विचारले नाही, असे घडत नाही. एकदा आमच्या रखवालदाराने हसत हात पुढे केला, तेव्हा अण्णांनी खोके छातीशी धरून गंभीरपणे सांगितले, "सोवळ्यातलं हाय. शिवू नगा."

मी ज्या प्रयोगशाळेत संशोधन करते, तिथे आतड्याच्या जुनाट दाहाचा अभ्यास चालतो. हा दाह वर्षानुवर्षे टिकला की मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका वाढतो. म्हणून ठरावीक काळाने दुर्बिणीने तपासावे लागते. अधिक धोका कुणाला, हे शौचातल्या किंवा रक्तातल्या एखाद्या जैविक खुणेवरून आधीच ओळखता येईल का, हा आमचा प्रश्न. अण्णांचा आजार माझ्या वयाचा आहे, आणि त्या नात्याने ते माझ्याशी वडीलकीने वागतात.

पोटाला ते 'माग' म्हणतात. "माग चालू हाय" म्हणजे बरे. "धोटा अडकलाय" म्हणजे पुढचे न विचारलेले बरे. रक्त द्यायचे असेल तर बाही दारातच वर गेलेली असते. "खूण घावली का गं?" हा प्रश्न दर खेपेला ठरलेला. आमच्या संशोधनाचा इतका उतावळा आश्रयदाता दुसरा नाही.

दुर्बीण मात्र नको. कधी अमावस्या आड येते, कधी साड्यांची मोठी ऑर्डर. एकदा तर पोट साफ करायचे औषध मागाच्या आवाजात लागू पडत नाही, असा शोध त्यांनी लावला. गेल्या महिन्यात त्यांच्या नमुन्यात दाहाची खूण चढलेली निघाली आणि डॉक्टरांनी तपासणी पुढे ढकलायची सवलत बंद केली. मी समजावले, की खूण म्हणजे केवळ इशारा. आत पाहायला आणि तपासणीसाठी तुकडा काढायला दुर्बीणच लागते. अण्णांनी नीट ऐकून घेतले. मग, दुर्बिणीची गरजच उरणार नाही अशी पक्की खूण मिळेपर्यंत आपण थांबतो, म्हणाले. त्याला वर्षे लागतील, मी सांगितले आणि भीती वाटते का, असे सरळ विचारले.

"भ्या कसलं? भूल दिल्यावर एकट्याला घरी सोडत न्हाईत. घरचं माणूस लागतंय." ते गाठीचा धागा बोटाला गुंडाळत राहिले. "बायकू हुती तवर ती यायची. लेक पुण्याला. तिला बोलवायचं म्हंजे सगळं सांगावं लागंल. तुमची बाटली कशी, एकट्यानं आणता येती."

मी दोन दिवसांत तारीख मिळवली आणि रजा टाकली.

त्या सकाळी अण्णा कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले, जणू दुर्बीण शर्टही तपासणार होती. परिचारिकेने नाव विचारले, वय विचारले. मग, सोबत कोण आहे?

"ही की. आमची पोरगी," अण्णा माझ्याकडे न बघता म्हणाले.

परिचारिकेने माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे संशयाने पाहिले. मी ते काढून पर्समध्ये ठेवले.