चिलखतासह निव्वळ वजन

खण्ण!

स्वयंपाकघराच्या फरशीवर लोखंडी कडी पडली आणि सकाळची सगळी शांतता तिच्यामागून गडगडत फ्रीजखाली गेली. ती आणि तिचा नवरा श्वास रोखून आतल्या खोलीकडे बघत राहिली. आत साडेचार वर्षांच्या लेकीने कूस बदलली, काहीतरी पुटपुटली आणि पुन्हा झोपली. निभावलं.

"हळू ना जरा!"

"हळूच करतोय. तुझा डावा गुडघा सैल झालाय." नवरा पालथा पडून फ्रीजखाली हात घालत म्हणाला. "तेल किती घालू?"

"दोनच थेंब. काल सढळ हाताने घातलंस, दिवसभर मी जाईन तिथे डाग."

नवऱ्याने कडी शोधून काढली आणि बायकोचा गुडघा परातीत घेऊन तो पुन्हा पुसायला बसला. लग्नाच्या वेळी त्याने बऱ्याच गोष्टी कबूल केल्या होत्या. त्यांत ही नव्हती.

ती वजनमापे कार्यालयात तपासनीस होती. दुकानांतले तराजू, वजनं आणि लिटरची मापं बरोबर आहेत की नाहीत हे बघायचं, एवढंच तिचं काम. कार्यालय पाचला सुटायचं आणि लेकीचं पाळणाघरही पाचलाच बंद व्हायचं. मधलं अंतर पंचवीस मिनिटांचं. नवऱ्याची पाळी दुपारी बारा ते रात्री आठ. त्यामुळे साडेचारला निघण्याची सवलत तिला मिळालेली होती आणि दर वर्षी तिचं नूतनीकरण करावं लागे. गेल्या वर्षी तो कागद नऊ दिवस अडकला. ते नऊ दिवस लेक पाळणाघराच्या पायरीवर, कुलूप लावलेल्या दारासमोर, रखवालदाराशेजारी बसून होती. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, असं तिला नंतर कितीतरी दिवस वाटत राहिलं.

यंदा सवलतीबाबत नवं परिपत्रक निघालं होतं. 'सवलत मागणारा कर्मचारी तंदुरुस्त असणे आवश्यक आहे. कारण तंदुरुस्त नसलेल्या कर्मचाऱ्यास सवलत दिल्यास तो तिचा पूर्ण क्षमतेने उपभोग घेऊ शकणार नाही.' या वाक्यात खोट काढणं कुणालाच जमलं नाही. सवलत उद्या कुणीही मागू शकेल, म्हणून सगळ्यांनाच रोज अर्धा तास व्यायाम ठरला. पण अर्धा तास म्हणजे कार्यालयीन वेळेचा अपव्यय, आणि अपव्यय मोठ्या साहेबांना खपत नसे.

नेमकी तेव्हाच त्यांची दाढ दुखली. दातांच्या डॉक्टरकडे बसल्या बसल्या त्यांनी एका जुन्या मासिकात वाचलं, की मध्ययुगातल्या सैनिकांना चिलखत घालून चालताना दुप्पट शक्ती लागत असे. साहेबांनी तिथेच, सुजल्या गालाने हिशेब केला. दुप्पट शक्ती, म्हणजे निम्मा वेळ. चिलखत घालून पंधरा मिनिटं. शिवाय त्या काळच्या एकाही सैनिकाला मधुमेह झाल्याची नोंद नाही. ते पस्तिशीच्या आतच मरत, पण नोंद नाही ती नाहीच.

सत्तेचाळीस कर्मचाऱ्यांची मापं घेण्यात आली. उंची, छाती, पोट. मग सरासरी काढली, तीसुद्धा तीन दशांश स्थळांपर्यंत. मोजमापाच्या बाबतीत हे कार्यालय कुणाला हार जात नाही. त्या सरासरीत बसेल असा माणूस सत्तेचाळिसांत एकही निघाला नाही. त्यामुळे कुणावर अन्याय झाला असं म्हणता येईना. चिलखतं धान्याच्या कोठ्या बनवणाऱ्या कारखान्यातून आली. तिच्या चिलखताच्या छातीवर झाकणाची जागा अजून दिसत होती, आणि आवक-जावक सांभाळणाऱ्या मावशींच्या पाठीवर 'कोरड्या जागी ठेवा' असं छापलेलं होतं.

"नाहीतरी चाळीस वर्षं मला कोरड्या जागीच ठेवलंय," मावशी म्हणाल्या. त्यांच्या निवृत्तीला सात महिने राहिले होते आणि त्या आता कुणालाच भीत नव्हत्या.

व्यायाम कार्यालयामागच्या वाहनतळावर होई, पावणेदहाला. एकदा चढवलेलं चिलखत वेळ वाचावा म्हणून कार्यालय सुटेपर्यंत उतरवायचं नाही, आणि सांधे तेवढे पुसायला घरी न्यायचे, असा नियम होता. शिकवायला एक शिट्टीमास्तर नेमले होते. त्यांच्या अंगात सुती सदरा असे.

"वाकाऽऽ!" शिट्टीमास्तर ओरडत.

सत्तेचाळीस चिलखतं जशीच्या तशी उभी.

"वाकलात का?"

"वाकलो," आतून आवाज येई. आणि ते खोटं नव्हतं. माणसं वाकलेली असत, फक्त चिलखतं वाकत नसत. तक्त्यात चिलखताचा रकाना नव्हता, म्हणून मास्तर सगळ्यांसमोर बरोबरची खूण करत. पहिल्याच आठवड्यात दोघं जण उताणे पडले आणि उठेनात, तेव्हा 'उताणा कर्मचारी विश्रांतीचा व्यायाम करीत आहे असे समजण्यात यावे' असं पुरवणी परिपत्रक निघालं. ते दोघं जेवणाच्या सुटीपर्यंत विश्रांतीचा व्यायाम करत होते.

"घरी काय म्हणतात गं?" मावशींनी तिला शिरस्त्राणाच्या झडपेतून विचारलं.

"नवरा रोज गुडघे पुसून देतो."

"नशीबवान आहेस. आमचे हे नुसते घाबरलेत. म्हणतात, तू अलीकडे फारच ताठ झालीस."

महिनाअखेरीस डॉक्टर आले. नाडी सापडण्याची सोय नव्हती, म्हणून ते छातीवर बोट वाजवून बघत. ठण्ण वाजलं की निरोगी. तिची छाती चांगली खणखणीत वाजली आणि तिला तिथल्या तिथे दाखला मिळाला. त्याच आधारावर मोठ्या साहेबांनी तिच्या सवलतीच्या कागदावर सही करून टाकली. कागद आवक-जावकला गेला, शिक्का बसला की हातात येणार होता. तिला वाटलं, झालं, सुटले.

मग डॉक्टरांनी मावशींच्या छातीवर बोट मारलं. ठप्प.

मावशींनी पुढचा पत्रा काढून तिथे चंदेरी रंग दिलेला पुठ्ठा लावला होता.

कार्यालय हादरलं. कारण हे साधंसुधं कार्यालय नव्हतं. किराणा दुकानातल्या वजनात पाच ग्रॅमची तूट निघाली तर इथून नोटीस जायची, आणि इथल्याच आवक-जावक विभागात साडेचार किलोची तूट!

"वजनात खोट," मोठे साहेब म्हणाले. त्यांच्या मानेला पत्रा घासून गळू झालं होतं, त्यामुळे ते कुणाकडेही वळून न बघता समोरच्या भिंतीला बोलत. "वजनात खोट निघाली तर आपण काय करतो?"

"सील मारतो, साहेब," हेडक्लार्क म्हणाले.

खरंच, तेच करतात. वजन दुरुस्त करून पुन्हा तपासायचं, बरोबर भरलं की त्यातून बारीक तार ओवायची आणि तारेवर शिशाचं सील दाबायचं. मग त्याला कुणी हात लावायचा नाही. ते काम तपासनिसाचं, म्हणजे तिचं. दुसऱ्या दिवशी सकाळी वाहनतळावर मोठा काटा आणून ठेवला आणि सगळे जण चिलखतासकट रांगेत उभे राहिले.

"साहेब," ती धीर करून म्हणाली, "आधी चिलखतं उतरवू या, मग तपासून सील मारू या. नाहीतर माणसं आत राहतील."

"बाई, नऊ वर्षं नोकरी झाली तुमची. वजन वापराच्या स्थितीत तपासतात की नाही?"

"तपासतात."

"मग? उतरवलेलं चिलखत हे चिलखत नव्हे. तो पत्रा झाला. पत्रा आपल्या अखत्यारीत येत नाही."

"बरं, मग निव्वळ वजनाच्या रकान्यात काय लिहू?"

"चिलखतासह निव्वळ वजन लिहा."

"आणि आतल्या माणसाचं?"

"माणसाचं वजन दर आठवड्याला बदलतं. असलं बेभरवशाचं वजन सरकारी कागदावर कसं घेणार?"

आदर्श म्हणून साहेबांनी आधी स्वतःला सील करून घेतलं, लोखंडी पंजांसकट. मग ती एकेकाच्या मानेमागे गेली. तार ओवली, सील दाबलं. तिचा हात सफाईचा होता. साहेबांनंतर पंचेचाळीस जणांना तिने आपल्या हाताने सील केलं, आणि खोटं कशाला बोला, विसाव्या माणसानंतर तिला त्यात गोडीही वाटू लागली होती. मावशींचा पुठ्ठा जाऊन पत्रा परत आला होता.

"हात हलका आहे हो तुझा," मावशी एवढंच म्हणाल्या. ते तिला लागलं.

सत्तेचाळिसावी ती स्वतः. तिला शिट्टीमास्तरांनी सील केलं.

दुपारी तीनच्या सुमारास मोठ्या साहेबांच्या गळवाला असह्य ठणका लागला. सील काढायला सांगा, असं ते ओरडले. हेडक्लार्कांनी नियमांचं पुस्तक उघडलं. सील काढण्याचा अधिकार फक्त मोठ्या साहेबांना होता, लेखी आदेशाने, स्वतःच्या सहीने. साहेबांनी पेन उचललं. लोखंडी पंजातून ते तीनदा निसटलं, चौथ्यांदा मोडलं.

"अंगठा चालेल?"

अंगठा उमटवला. कागदावर तेलाचा गोल डाग पडला.

"डाग म्हणजे सही नव्हे, साहेब," हेडक्लार्क अतिशय दुःखाने म्हणाले.

"अहो, मग आधी माझं सील तोडा! हात मोकळे झाले की करतो सही!"

"तोडतो ना, साहेब. फक्त आपला लेखी आदेश लागेल."

साहेबांनी भिंतीकडे बघतच हेडक्लार्कांना शाबासकी दिली. उत्तर नियमाला धरून होतं.

सव्वाचार वाजता मावशी ठणठणत तिच्या टेबलाशी आल्या आणि तिच्या पंजांत कागद अडकवून गेल्या. शिक्का बसलेला, सवलत मंजूर. साडेचारला ती बाहेर पडली. बसच्या दारातून ती आत मावली नाही. रिक्षावाल्याने मान हलवली, "सामान नाही घेत, बाई." मग ती चालू लागली. घड्याळ बघण्याची सोय नव्हती, म्हणून मनात मिनिटं मोजत होती. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाशी तिला पायरीवर बसलेली लेक डोळ्यांसमोर दिसली, आणि ती पळत सुटली. ठण्णठण्ण, ठण्णठण्ण. माणसं फुटपाथ सोडून बाजूला झाली. घाम डोळ्यांत उतरत होता, तो पुसता येत नव्हता. पूर्ण योजनेत चिलखत घालून कुणी खरोखर व्यायाम केला असेल तर तो हाच. त्याची नोंद कुठेही झाली नाही.

पाळणाघराच्या मावशी कुलूप हातात घेऊन दारात उभ्या होत्या.

"ओ, टाकी गच्चीवरची का? मागच्या जिन्याने न्या."

"टाकी नाही ती. माझी आई आहे," पायरीवरून लेक म्हणाली.

"कशावरून गं?"

"धापा टाकतेय ना! ती रोज अशीच येते."

फाटकाशी मुलांना न्यायला आलेले आईबाप थांबून बघत होते. दोघं-तिघं हसले. पण एक गृहस्थ जवळ आले आणि त्यांनी तिच्या दंडाचा पत्रा दोन बोटांनी चाचपून बघितला. "तुम्हाला पूर्ण मिळालं? आमच्याकडे फक्त छातीपुरतं देतात. आम्ही सह्यांचं निवेदन दिलंय, पूर्ण मिळावं म्हणून." त्यांनी सदऱ्याचं वरचं बटण काढून दाखवलं. आत खरंच पत्रा होता. मग आणखी एका आईने पदर सारखा करता करता आपलाही दाखवला. हसणारे हसायचे थांबले आणि आपापल्या गळ्याशी हात नेऊ लागले. "लहान मुलांच्या मापात येतं का हो?" त्या आईने हळूच विचारलं. "लवकर सवय लागलेली बरी."

तिला खाली वाकता येईना, म्हणून लेकच वरच्या पायरीवर चढली आणि तिने आईच्या गळ्यात हात टाकले. पत्रा गार लागला तशी तिने गाल मागे घेतला, मग पुन्हा टेकवला. तिची बोटं मानेमागे चाचपडत गेली आणि तारेपाशी थांबली.

"आई, इथे एक धागा आहे लोखंडाचा. एवढुसाच. तोडू?"

"नको! त्याला हात लावू नकोस!"

एवढ्या जोरात ती लेकीवर कधी ओरडली नव्हती. फाटकाशी उभे असलेले सगळेच दचकले आणि त्यांतल्या कित्येकांनी संमतीने मान हलवली.

लेकीने बोट मागे घेतलं. मग झडपेच्या फटीतून आत बघितलं.

"तोडला तर तुला दुखेल?"

"नाही."

"साहेबांना दुखेल?"

"नाही गं."

"मग कुणाला दुखेल?"