आजोबांचं तेल आणि चमचाभर जवस

एका जंगलात एक कढई होती. हो बाळांनो, सिंहाच्या आधी कढईचंच सांगतो, कारण त्या जंगलात मान तिलाच जास्त होता.

कढई काट्याशेठ साळिंदराची. ओढ्याकाठी चिंचेखाली तो वडे तळायचा आणि तळलेला वडा स्वतःच्याच पाठीवरच्या काट्यानं टोचून बाहेर काढायचा. झाऱ्याचा खर्च वाचला! कढईतलं तेल तो कधी टाकायचा नाही. कमी झालं की वरून नवं ओतायचं. "तळाला आमच्या आजोबांचं तेल आहे," असं तो छाती फुगवून सांगायचा. आजोबा ऐन वयात कशानं गेले, हे त्याला कोणी विचारलं नव्हतं. तेल मात्र काळंकुट्ट झालं होतं.

त्याच जंगलात झिप्राजी अस्वल आणि त्याची बायको भुरीबाई राहत होती. झिप्राजी उंच कड्यावर चढून मध काढायचा आणि घरी येता येता चिंचेखाली थांबायचा. भुरीबाईचं मागणं फार नव्हतं. संध्याकाळी कड्यावरून उतरणारा नवरा दिसला की तिच्या जिवात जीव यायचा.

एक दिवस तो अर्ध्या कड्यावरूनच परत आला. छातीत कळ, डाव्या पंजाला मुंग्या, अंगभर घाम.

"काही नाही गं, पित्त असेल," तो म्हणाला.

भुरीबाईनं त्याला ओढतच वैद्याकडे नेलं. वैद्य म्हणजे डोहावरचा बगळा. आयुष्यभर ताजी मासळी खाऊन सडसडीत राहिलेला. बोलणं एकदम तुटक.

"सगळी चरबी एका जातीची नसते," वैद्यबुवा म्हणाले. "शेठच्या कढईतली वाईट. पुन्हा पुन्हा तापवून विष झालेली. रक्ताच्या वाटा बुजवते. जवसातली, अक्रोडातली, मासळीतली चांगली. कढई सोडायची. तिच्या जागी हे खायचं. समजलं?"

"समजलं," झिप्राजी म्हणाला. बाळांनो, समजलं म्हणणारे कसे असतात, ते तुम्हाला तुमच्या घरातच बघायला मिळेल.

घरची वाट चिंचेखालून जात होती. वास आला आणि झिप्राजीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"शेठ, आपली सोबत संपली," तो म्हणाला, आणि वैद्यबुवांचं सगळं बोलणं त्यानं सांगितलं.

काट्याशेठ गंभीर झाला. "वैद्यबुवांच्या शब्दाबाहेर जायचं नाही. मला एवढंच सांग, ही चांगली चरबी पोटात जाऊन काय करते?"

"वाईट चरबीशी लढत असणार."

"मग पोटात वाईट गेलीच नाही, तर ती बिचारी लढणार कोणाशी?"

चिंचेखाली सगळ्यांनी माना डोलावल्या. जन्मभर गवत खाणारा एक ससा "खरंच की!" म्हणाला आणि त्यानं वडा मागितला.

"अहो, वैद्यबुवांनी कढई सोडायला सांगितलंय!" भुरीबाई ओरडली.

"सोडणारच आहे गं. आधी आपल्या सैन्याला थोडं काम तर देऊ." असं म्हणून झिप्राजीनं दोन वडे खाल्ले आणि वर चमचाभर जवसाची पूड टाकली.

झालं! जंगलात तीच रीत पडली. वडा खायचा, वर जवस खायचा. जवस खाल्लाच आहे तर आणखी एक वडा खायचा. शेठनं आजोबांच्या तेलात जवसाच्या तेलाचे चार थेंब टाकले आणि 'हृदयमित्र वडा' अशी पाटी लावली. पूर्वी जीभ चाळवली म्हणून खाणारे आता तब्येतीसाठी खाऊ लागले, म्हणजे दुप्पट खाऊ लागले. सिंहमहाराजांनी तिथं येऊन आरोग्यावर भाषण केलं. हातातला वडा गार होईल म्हणून ते जरा आवरतं घेतलं, एवढंच.

त्या सभेत वैद्यबुवांचा सत्कार झाला. वैद्यबुवा उभे राहिले आणि म्हणाले, "अहो, आधी कढई सोडा!" टाळ्यांचा कडकडाट झाला. मग त्यांच्यापुढे बशी आली. त्यांनी ती बाजूला सारली.

"बघा, बघा!" कोल्हा म्हणाला. "स्वतः खात नाहीत. स्वतःच्या शास्त्रावर यांचाच विश्वास नाही!"

तेव्हापासून वैद्यबुवांच्या डोहाकडे कोणी फिरकेना.

भुरीबाई घरी आपल्या परीनं झटत होती.

"हे काय?" झिप्राजी पानाकडे बघून विचारायचा.

"भोपळा."

"तळलेला?"

"उकडलेला."

"माझ्यावर राग आहे का तुझा?"

राग नव्हता हो. भीती होती. रात्री तो घोरायला लागला की ती जागी राहायची आणि घोरणं थांबलं की उठून बसायची.

शेवटी व्हायचं तेच झालं. झिप्राजी कड्याच्या पायथ्याशीच कोसळला. भुरीबाईनं त्याला फरफटत डोहावर नेलं आणि वैद्यबुवांच्या त्या काडीसारख्या पायांवर डोकं टेकलं.

"मला मध नको, काही नको. हे माझे आहेत. यांना घरी न्यायचंय मला."

वैद्यबुवांनी शर्थ केली. झिप्राजी वाचला. दुसऱ्या दिवशी अख्खं जंगल समाचाराला आलं. त्या दिवशी जवस कमी पडला असणार, यावर सगळ्यांचं एकमत झालं. काट्याशेठनं आठवणीनं वडे आणले होते, सोबत दुप्पट जवस.

भुरीबाई उठली. चिंचेखाली गेली आणि तिनं ती कढई पालथी घातली.

"आजोबा!" शेठनं टाहो फोडला.

काळं तेल मातीवरून ओघळत गेलं. मुंग्यासुद्धा त्याला वळसा घालून गेल्या.

दरबार भरला. एका बाईनं जंगलाचा वारसा सांडला म्हणजे काय! महाराजांनी दोघांना ओढ्यापलीकडे हाकलून दिलं. जाताना झिप्राजी मागे वळून वळून बघत होता. भुरीबाईनं एकदाही मागे पाहिलं नाही.

पलीकडे वडा नव्हता. वैद्यबुवांचा डोह जवळ होता. डोहात मासळी होती, उतारावर अक्रोड होते, आणि भोपळा होताच. झिप्राजी पहिले काही दिवस रुसला, मग नाइलाजानं खाऊ लागला, मग आवडीनं. पुढच्या मधाच्या हंगामात तो कड्याच्या थेट माथ्यावर चढला आणि तिथून त्यानं हाक मारली, "भुरेऽऽ!"

खाली भुरीबाई पदर तोंडाला लावून रडली. इतकं सुख तिला बऱ्याच दिवसांनी झालं होतं.

ती हाक साऱ्या जंगलानं ऐकली. काट्याशेठनं तर फारच लक्ष देऊन ऐकली. आठवडा उलटायच्या आत ओढ्यापलीकडे त्याची नवी शाखा निघाली. जुन्या कढईचं बूड खरवडून आजोबांचं थोडं तेल त्यानं जपून ठेवलं होतंच. दुकानावर झिप्राजीचं भलंमोठं चित्र लागलं आणि चित्राखाली पाटी : 'झिप्राजी इथलेच वडे खाऊन ठणठणीत झाले.'

उद्घाटनाला अर्थातच झिप्राजीला बोलावलं.

"अहो, जाऊ नका," भुरीबाई म्हणाली.

"फीत कापून येतो. तुझी शपथ, तोंडाला काही लावणार नाही." मग चित्राकडे बघून तो हळूच म्हणाला, "चित्र बरं काढलंय, नाही?"

फीत कापली. सगळ्यांनी आग्रह केला, आणि नाही म्हणणं बरं दिसेना, म्हणून त्यानं एकच वडा खाल्ला. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकं चित्रातला झिप्राजी बघायला आली. त्यांचा विरस नको म्हणून दोन खाल्ले. मग रोजचंच झालं. भुरीबाई रडली, भांडली, दारात आडवी पडली.

"अगं, आता मी बरा झालोय ना? बरं झालेल्याला पथ्य कसलं?" असं म्हणून तो तिला ओलांडून गेला.

पुन्हा मधाचा हंगाम आला. झिप्राजी कड्यावर गेला. संध्याकाळी भुरीबाई कड्याकडे डोळे लावून बसली. अंधार पडेपर्यंत बसली. कोणी उतरलं नाही.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी भुरीबाई ती पाटी उपटायला गेली. काट्याशेठनं हात जोडले. त्याचेही डोळे ओले होते, खोटं कशाला बोलू?

"वहिनी, मला का दुःख नाही? पण एवढी चांगली पाटी मोडू नका. चूक झालीय, ती मी आत्ता दुरुस्त करतो."

त्यानं खडू घेतला आणि झिप्राजीच्या नावाआधी 'कै.' लिहिलं. बाकीची पाटी तशीच ठेवली.

तात्पर्य : बाळांनो, वैद्याचा सल्ला कधीही मोडू नये. त्यातला जो भाग आपल्या जिभेला रुचतो, तो तर मुळीच मोडू नये.