रोक्कोंच्या घरी आलेलं दुखवट्याचं जेवण

"प्रत्येक वाक्यात 'ते, ते, ते'! गुरं मोजतेस का गं?" कार्मेलाबाई सुनेवर डाफरल्या. "कुणाचं चाललंय ते शहाण्याला आपोआप कळतं."

लोरेदाना इंग्लंडात, बेडफर्डमध्येच जन्मलेली; तिची इटालियन घरापुरती, इंग्रजीसारखी प्रत्येक वाक्यात सर्वनाम लावणारी. संत अंतोनियोच्या सणाला मिस्सात प्रार्थना वाचायचा मान फादर साव्हेरिओंनी पहिल्यांदाच तिला दिला होता, आणि सगळ्यांसमोर आपली भाषा उघडी पडेल या धास्तीने तिला घास उतरत नव्हता. तिने नेमच धरला: 'ते' नाही, 'ती' नाही. उपवासासारखं पाळायचं.

सकाळी चर्चच्या पायरीवर असुंतामावशी भेटल्या. "सासऱ्यांचा खोकला काय म्हणतोय?"

"औषध घेतलंच नाही. गावी धाकट्या भावाला रोज फोन करायचे. काल पहाटे झोपेतच वारले."

वारले होते ते भाऊ, मिकेलेकाका. नाव जिभेवर आलं होतं, पण नेम आठवला आणि लोरेदानाने ते गिळलं. मावशी छाती पिटत निघूनसुद्धा गेल्या.

दुखवट्याच्या घरात चूल पेटत नाही. दुपारपर्यंत ओट्यावर कोंबडीचा रस्सा आला, लझान्याचे तीन ट्रे आले. भात घेऊन आलेल्या जेरार्दोला दार खुद्द सासऱ्यांनी, रोक्कोंनीच उघडलं. त्याने क्रूसाची खूण केली आणि भात पायरीवरच ठेवून पळ काढला. मग पवित्र पाणी घेऊन फादर आले.

"फादर, मेले नाहीत हो!"

"कोण?"

"ते!" लोरेदाना सासऱ्यांकडे बोट दाखवून रडायलाच लागली.

फादरांनी पवित्र पाणी खाली ठेवलं. "पोरी, प्रार्थना आता कार्मेलाबाईच वाचू देत."

रोक्को झाकणं उघडून बघत होते. "जेरार्दोने नुसता भात? विटांच्या भट्टीवर जन्मभर माझ्या शेजारी उभा होता!" मग चमचा तसाच हातात राहिला. "मिकेलेसाठी इथे कुणी काही आणलं असतं का?"

कार्मेलाबाईंनी ताटं घेतली. "बसा सगळे. दुखवटा याच घरात आहे."

रविवारी, सणाच्या मिस्सात, कार्मेलाबाई वाचायला उभ्या राहिल्या. सगळं खणखणीत वाचलं. मृतांच्या नावांपाशी आल्या आणि अडखळल्या. "आमचे... आमचे..." पुढे शब्दच फुटेना.

सगळं चर्च वळून रोक्कोंकडे बघू लागलं. जेरार्दोने तर पुन्हा क्रूसाची खूण केली.

"मी नाही!" रोक्को ताडकन उभे राहिले.

तेव्हा लोरेदाना उठली, सासूबाईंच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"मिकेले पेत्रिल्लो," तिने वाचलं. "रोक्कोंचे धाकटे भाऊ."

सणाच्या वाचनातलं तेवढंच तिच्या वाट्याला आलं. रोक्को मात्र भावाचं नाव वाचून होईपर्यंत उभेच होते.